‘मशीद’ ते ‘सिनेगॉग’ : बेने इस्रायलांची प्रार्थनागृहे आणि त्यांची मराठी

चंदीगडला खेटून असलेल्या मोहालीतील सेक्टर ६७मध्ये मुक्काम असताना प्रस्तुत विषयाची मांडणी करावी लागली. मराठी ज्यूंविषयी बोलावयाचे आहे असे म्हटल्यावर येथील श्रोत्यांच्या चेहऱ्यावर जो संभ्रम उमटतो तो अनपेक्षित नव्हे. या शहराला ज्यूंची एकच ओळख आहे : लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब. १९७१च्या डिसेंबरात ढाक्याच्या शरणागतीच्या वेळी पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ असलेले जेकब १९९९ ते २००३ या काळात पंजाबचे राज्यपाल आणि चंदीगडचे प्रशासक होते. जानेवारी २०१६मध्ये त्यांचे निधन झाले आणि दिल्लीतील हुमायून रोडवरच्या ज्यू दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली. तिच्याशेजारीच ‘ज्यूडा हयाम’ हा सिनेगॉग आहे. चंदीगडपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवरचे हे प्रार्थनागृह १९५६मध्ये उभे राहिले, आणि त्याची व्यवस्था दीर्घकाळ पाहणारे सचिव एझेकिएल आयझॅक मालेकर यांचे आडनाव कोणत्याही मराठी माणसाला ओळखीचे वाटावे असे आहे.

जेकब कोलकात्याच्या बगदादी घराण्यातील. मालेकर बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले. दिल्लीच्या एका आवारात या दोन परंपरा निवांतपणे नांदतात हे आज स्वाभाविक वाटते. पण १८३६मध्ये मुंबईतील काही बगदादी ज्यूंनी सरकारकडे अर्ज केला होता तो दफनभूमीत आपली थडगी आणि बेने इस्रायलांची थडगी यांच्यामध्ये भिंत बांधू द्यावी यासाठी. बेने इस्रायल ‘शुद्ध’ ज्यू आहेत की नाहीत हा त्या भिंतीमागचा प्रश्न होता. भारतातील या समाजाची कथा ‘लोकसंख्या घटत गेली’ एवढ्या एका ओळीत सांगण्याची रीत आहे. माझ्या मते ती अपुरी आहे. घट झाली हे खरेच; परंतु ही प्रार्थनागृहे कोणाची, तेथे कोणती भाषा बोलायची आणि दहा माणसे मोजताना कोणाला मोजायचे, या प्रश्नांची उत्तरेही त्या घटीबरोबर बदलत गेली. इतिहास तेथे आहे.

प्रारंभ अलिबागजवळच्या नवगावपासून करावा लागतो. फार पूर्वी गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या व वाहून आलेली प्रेते नवगावला पुरली गेली, ही समाजाची उत्पत्तिकथा. तिच्या काळाबद्दल विद्वानांत एकमत नाही, आणि कोकणातल्याच चित्पावनांच्या उत्पत्तिकथेत समुद्रातून आलेली चौदा प्रेते येतात हे साम्य तौलनिक अभ्यासकाच्या नजरेतून सुटणार नाही. एकाच किनाऱ्यावरच्या दोन समाजांनी आपले मूळ एकाच आकृतिबंधात सांगावे, ही बाब तारखांच्या वादापेक्षा मला अधिक बोलकी वाटते.

पुढची अनेक शतके हा समाज तेल गाळत, शेती करीत राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते ‘शनवार तेली’. सोमवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांपासून त्यांना वेगळे ओळखण्यासाठी गावाने दिलेले हे नाव. ते स्वतःला ‘बेने इस्रायल’ म्हणत. ‘यहुदी’ हा शब्द त्यांना रुचत नसे, असे जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने नोंदविले आहे. हिब्रू भाषा विसरली गेली होती. ‘शेमा इस्रायल’ हा घोष, सुंता, शनिवारचा विसावा आणि खवले-पर असलेलेच मासे खाण्याचा नियम एवढे उरले होते. पुरुषांची नावे समाजी, हसाजी, बन्नाजी, अबाजी अशी. त्यांच्यामागे सॅम्युएल, एझेकिएल, बेंजामिन, अब्राहाम दडलेले. आडनावे गावांची : पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर, अष्टमकर, तळकर, राजपूरकर, झिराडकर. जुन्या कुलाबा जिल्ह्याचा नकाशा या आडनावांवरून बराचसा पुन्हा काढता येईल.

प्रार्थनागृह या काळात नव्हते. सण घरात होत, आणि सणांची नावे मराठी होती. हिब्रू पंचांगातील नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताचा दिवस तो ‘दारफाळणीचा सण’ : दारे बंद करून घरात बसायचे, कोणाला शिवायचे नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’. पुरीमला ‘होळीचा सण’. मंदिरविध्वंसाच्या शोकाच्या उपवासाला ‘बिरड्याचा रोजा’, कारण उपास सोडताना वालाचे बिरडे खायचे. ‘रोजा’ फारसी, ‘बिरडे’ कोकणी चुलीवरचे, आणि शोक जेरुसलेमचा. तीन स्तर दोन शब्दांत बसले आहेत. एखाद्या अनुवादकाने मुद्दाम ठरवून इतके नेमके केले नसते. हे भाषांतर नव्हेच. मूळ संहिता हाती नसताना विधी ज्या भाषेत जगला त्या भाषेत त्याने घेतलेला हा देह आहे. एलियाहू हानाबीच्या नावाने पोहे, ओले खोबरे, साखर, फळे यांचा ‘मलिदा’ करण्याची रीतही अशीच. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावरच्या खुणा एलियाहूच्या रथाच्या म्हणून दाखविल्या जातात. स्वर्गारोहणाच्या वाटेवर संदेष्ट्याने कोकणात टेकावे, याला स्थलपुराणाखेरीज दुसरा शब्द नाही.

अठराव्या शतकात कोचीनच्या ज्यूंशी संबंध आला. डेव्हिड राहाबी नावाच्या परक्या गृहस्थाने स्त्रियांपुढे खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे मासे ठेवून परीक्षा घेतली आणि त्यांनी योग्य ते निवडले तेव्हा हे आपले बांधव अशी त्याची खात्री पटली, ही कथा सर्वज्ञात आहे. त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतील तिघांना धर्मविधी शिकविले व ते ‘काजी’ म्हणून ओळखले जाऊ लागले, असेही परंपरा सांगते. कोचीनमध्ये राहाबी नावाचे वजनदार व्यापारी घराणे अठराव्या शतकात होते हे इतिहाससिद्ध आहे. समाजाची स्मृती मात्र त्या राहाबीला कित्येक शतके मागे नेते. ज्याने आपल्याला ओळखले तो जितका जुना, तितके आपले ज्यूपणही जुने, असा हा हिशेब असावा.

पहिले प्रार्थनागृह कोकणात उभे राहिले नाही. ते मुंबईत, मांडवी भागात उभे राहिले. कंपनी सरकारच्या फौजेतील अधिकारी सॅम्युएल एझेकिएल, म्हणजेच समाजी हसाजी दिवेकर, दुसऱ्या म्हैसूर युद्धात भावासह टिपूच्या कैदेत सापडले. टिपूच्या आईने ‘बेने इस्रायल’ हे नाव कुराणात येते म्हणून त्यांना जीवदान देववले, ही आख्यायिका. सुटका झाल्यावर नवस फेडावा तसे त्यांनी १७९६मध्ये ‘शाआर हाराहमीम’, अर्थात ‘दयेचे द्वार’, बांधले. तोरागुंडाळी आणण्यासाठी ते कोचीनला गेले आणि १७९७मध्ये तेथेच निवर्तले. त्यांच्या नावाने सॅम्युएल स्ट्रीट झाली. मात्र लोकांच्या तोंडी या वास्तूचे नाव ‘मशीद’ असे होते. मूर्ती नसलेल्या प्रार्थनास्थळाला मराठीत उपलब्ध असलेला शब्द तोच. शेजारी दुसरे प्रार्थनागृह झाल्यावर ही ‘जुनी मशीद’ ठरली. मशीद बंदर स्थानकाचे नाव याच मशिदीवरून पडले असे समाजात सांगतात. ‘काजी’, ‘रोजा’, ‘मशीद’ ही शब्दावली कोणत्याही धर्मांतराची खूण नव्हे. अनेकेश्वरवादी शेजारात एकेश्वरवादासाठी मराठीपाशी असलेला शब्दसंग्रह मुसलमानी होता आणि बेने इस्रायलांनी तो निःसंकोचपणे वापरला. ‘सिनेगॉग’ हा शब्द नंतर, इंग्रजी शिक्षणाबरोबर आला आणि हळूहळू ‘मशीद’ मागे पडली. आपण कोणासारखे नाही हे सांगण्याची गरज वाढत गेल्याची ती खूण आहे.

१८२६च्या सुमारास कोचीनहून शेलोमो सालेम शुराबी आले. १८५६मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांनी मुंबईत आणि कोकणात प्रार्थना शिकविल्या. कोकणातील प्रार्थनागृहांमागे त्यांची प्रेरणा मोठी होती. रेवदंड्याचे ‘बेथ एल’ १८४२चे, अलिबागचे ‘मागेन अबोथ’ १८४८चे, पनवेलचे ‘बेथ एल’ १८४९चे, पेणचे ‘बेथ हाएलोहीम’ १८६३चे. पोयनाड, अष्टमी, बोर्ली, नांदगाव, म्हसळा, मुरूड येथेही ती झाली. ठाण्याचे ‘शाआर हाशमायीम’ १८७९मध्ये आले. चाळीस वर्षांच्या आत एका जिल्ह्यात इतकी प्रार्थनागृहे उभारणारा समाज काही हजारांचाच होता, हे लक्षात घेतले म्हणजे हा जोम किती असाधारण होता ते कळते. त्यातील बहुतेक वास्तू बाहेरून पाहिल्या तर कौलारू, लाकडी सज्जाची, अंगण असलेली घरे वाटतात. आत मध्यभागी प्रार्थनेचा चौथरा, स्त्रियांसाठी वरचा सज्जा, एलियाहू हानाबीसाठी राखलेली खुर्ची. अलिबागची गल्ली अजूनही ‘इस्रायल आळी’ म्हणूनच ओळखली जाते.

या जोमामागे एक विरोधाभास आहे व तो मराठी वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. हिब्रू परत मिळाली ती बरीचशी मिशनऱ्यांमार्फत. विल्सनने १८३२मध्ये मराठीतून हिब्रूचे व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनच्या शाळांत बेने इस्रायल मुले मोठ्या संख्येने शिकली आणि बायबलचा जुना करार त्यांनी प्रथम वाचला तो मराठीत. ख्रिस्ती फारच थोडे झाले. ज्यांनी धर्म बदलावा म्हणून मराठी-हिब्रूचा पूल बांधला गेला, त्यांनी त्यावरून उलट दिशेने प्रवास केला. १८४६मध्ये मुंबईत हिब्रू-मराठी हग्गादा निघाली. १८७४मध्ये पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यातून सचित्र आवृत्ती बाहेर पडली. तिच्या चित्रांत बिनखमिराची रोटी करणाऱ्या स्त्रिया लुगड्यात बसल्या आहेत. मिसरमधून सुटकेची कथा, मांडणी युरोपीय हग्गादांची, नेसण इथले आणि मुद्रक ब्राह्मण : एकोणिसाव्या शतकातील मराठी मुद्रणसंस्कृती किती जणांची होती याचा याहून चांगला पुरावा माझ्या पाहण्यात नाही. तरीही आपल्या प्रचलित वाङ्मयेतिहासांत या पुस्तकाला जागा क्वचितच मिळते. ज्यू ग्रंथांचे सूचिकार त्याची नोंद अधिक आस्थेने घेतात.

जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८७५मध्ये मुंबईत इस्रायली शाळा सुरू केली आणि १८९७च्या सुमारास समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७मध्ये, तेल अवीवला, लेखकाच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी. १८८०नंतर तर कीर्तन आले. हरिकीर्तने ऐकून प्रभावित झालेल्या तरुणांनी अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने रचली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतील प्रमुख नाव. साकी, दिंडी, आर्या ही वृत्ते, पूर्वरंग-उत्तररंगाची चौकट, आणि विषय उत्पत्तीच्या पुस्तकातला. येथे ‘प्रभाव’ ही संज्ञा तोकडी पडते. कीर्तनकाराला जे करायचे होते ते, म्हणजे समाजाला आपल्याच कथा पुन्हा ऐकविणे, मराठीत करण्याची सर्वांत समर्थ रीत कीर्तन हीच होती. त्याने ती घेतली.

सारेच चित्र सामंजस्याचे नव्हते. समाजांतर्गत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता. आई बेने इस्रायल नसलेल्यांची संतती ‘काळी’ मानली जाई, बेटीव्यवहार नसे आणि प्रार्थनागृहातही मान गोऱ्यांना आधी मिळे. जातीची शिडी ज्या गावात उभी होती तेथे राहून तिच्या पायऱ्या घरात आणल्या गेल्या. बगदादी मागत असलेली भिंत अन्यायाची होती हे म्हणताना ही आतली भिंतही सांगितली पाहिजे. समाजगौरवाच्या लेखनात ती बहुधा गाळली जाते.

बगदादींची प्रार्थनागृहे वेगळ्या ऐपतीची. डेव्हिड ससून यांनी भायखळ्याचे ‘मागेन डेव्हिड’ बांधविले आणि पुण्याचे ‘ओहेल डेव्हिड’ त्यांच्याच दानातून उभे राहिले. विटांच्या रंगामुळे पुणेकरांनी त्याला ‘लाल देऊळ’ करून टाकले. ‘मशीद’ नव्हे, ‘देऊळ’, हा फरकही टिपण्यासारखा आहे. मुंबईच्या कोटातील ‘केनेसेथ एलियाहू’ १८८४चे. या प्रार्थनागृहांत बेने इस्रायलांना बरोबरीचे स्थान नसे. रंगूनमध्ये तर विश्वस्त निवडण्याच्या हक्कावरून प्रकरण न्यायालयात गेले आणि १९३५मध्ये निकाल बेने इस्रायलांच्या बाजूने लागला.

रेल्वे, टपाल, फौज आणि दफ्तरे यांच्यामागोमाग हा समाज कोकणातून दूरवर गेला. कराचीत शालोम सोलोमन उमरडेकर यांनी १८९३मध्ये ‘मागेन शालोम’ बांधले. १९३६मध्ये अब्राहाम रूबेन कामारकर कराचीच्या नगरपालिकेत होते. अहमदाबादचे ‘मागेन अब्राहाम’ १९३४चे. मुंबईतही वस्ती मांडवीहून सात रस्ता आणि आग्रीपाड्याकडे सरकली. १९२५मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांनी उदारमतवादी ‘ज्यूइश रिलिजस युनियन’ स्थापिली. पुढे कामा रुग्णालयाच्या प्रमुख झालेल्या या बाईंना १९६६मध्ये पद्मश्री मिळाली.

फाळणीनंतर कराची रिकामी होत गेली. ‘मागेन शालोम’ १९८८मध्ये पाडले गेले व तेथे बाजारसंकुल आले. चंदीगड हे शहरच फाळणीच्या पोटी जन्मलेले असल्याने लाहोर-कराचीच्या हरवलेल्या वास्तूंच्या कथा येथे घरोघर ऐकू येतात. त्यांत एक मराठी आडनावाचाही सिनेगॉग होता हे येथील श्रोत्यांना नव्याने सांगावे लागते.

१९४८च्या सुमारास भारतात वीस हजारांच्या आसपास बेने इस्रायल होते. त्यानंतरच्या दोन दशकांत बहुसंख्य इस्रायलला गेले. हे स्थलांतर छळामुळे झाले नाही. भारतात ज्यूंना छळ सोसावा लागला नाही, हे वाक्य आपण अभिमानाने म्हणतो व ते खरेही आहे; मात्र त्यामुळे ते का गेले हे समजण्याची आपली उत्सुकता संपून जाते. इंग्रज गेल्यावर नोकऱ्यांची हमी गेली, नवे राष्ट्र बोलावीत होते, आणि प्रत्येक गेलेल्या कुटुंबागणिक मागे राहिलेल्यांच्या मुलांची लग्ने अवघड होत गेली. तेथे पोहोचल्यावर जुनीच भिंत पुन्हा उभी राहिली. १९५०च्या दशकाच्या आरंभी भेदभावाच्या तक्रारीवरून काहींनी धरणे धरले आणि ते मुंबईला परतलेही. १९६२मध्ये मुख्य रब्बींच्या कार्यालयाने बेने इस्रायलांशी विवाह लावण्यापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचे निर्देश दिले. १९६४च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये आंदोलन झाले, ऑगस्टमध्ये तेथील संसदेने बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला आणि निर्देशातील त्यांचा वेगळा उल्लेख काढला गेला. राहाबीच्या माशांची परीक्षा विसाव्या शतकात दुसऱ्यांदा द्यावी लागली होती.

बेरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद येथे मराठी ऐकू येऊ लागली. १९८५पासून तेथून ‘मायबोली’ हे मराठी त्रैमासिक निघाले. इकडे मराठीशी असलेले नाते वेगळ्याच वाटेने लेखनात आले. निस्सीम एझेकिएल (१९२४–२००४) इंग्रजीत लिहिते झाले, परंतु वृंदा नाबर यांच्यासह त्यांनी इंदिरा संतांच्या कवितांचा केलेला इंग्रजी अनुवाद १९७४मध्ये आला, ही नोंद त्यांच्यावरील अभ्यासात सहसा तळटिपेतच जाते. एस्थर डेव्हिड यांच्या २०१० साली साहित्य अकादमीने गौरविलेल्या ‘बुक ऑफ रेचेल’ या इंग्रजी कादंबरीची नायिका कोकणातल्या गावी एकटी राहणारी विधवा आहे. बंद पडलेल्या सिनेगॉगची झाडलोट ती करते आणि त्याची जागा विकली जाऊ नये म्हणून उभी ठाकते. कोकणातील प्रत्यक्षाशी हे चित्र जुळणारे आहे. गावात एक-दोन घरे उरली, किल्ली त्यांच्याकडे, आणि सणावाराला मुंबई-ठाण्याहून माणसे आली तरच प्रार्थना.

कारण सामूहिक प्रार्थनेसाठी तेरा वर्षांवरील दहा पुरुष लागतात. तोराचे जाहीर वाचन त्यावाचून होत नाही. म्हणून ‘सिनेगॉग बंद पडला’ या वाक्याचा नेमका अर्थ बहुधा ‘नऊच उरले’ असा असतो. २०११च्या जनगणनेत सबंध देशातील ज्यूंची संख्या साडेचार हजारांच्या आसपास आणि महाराष्ट्रातील सुमारे अडीच हजार होती. २०१६मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्य दर्जा दिला. इतक्या उशिरा आलेल्या या मान्यतेचे समाजाने मनापासून स्वागत केले. ठाण्याचा सिनेगॉग आज देशातील सर्वांत गजबजलेल्यांपैकी एक आहे, कारण मुंबईतली घरे परवडेनाशी झालेली कुटुंबे तिकडे गेली. ‘केनेसेथ एलियाहू’चे जीर्णोद्धारानंतर २०१९मध्ये पुन्हा उद्घाटन झाले, तिथली निळी भिंत मात्र पांढरी झाली, आणि ती निळाई आठवणाऱ्या माझ्यासारख्यांना थोडे चुकल्यासारखे वाटले. याहून लक्षणीय गोष्ट आत आहे : बगदादींनी बांधलेल्या या वास्तूत दहाचा आकडा पुरा करायला आता प्रामुख्याने बेने इस्रायलच असतात. ज्यांना एकेकाळी बरोबरीचे स्थान नव्हते, त्यांच्या उपस्थितीवर तेथील प्रार्थना अवलंबून आहे.

दिल्लीच्या ज्यूडा हयाममध्ये कुटुंबे मोजकीच. तरीही शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागतात. राजदूतावासातील कर्मचारी, प्रवासी, अभ्यासक येतात. मालेकरांनी तेथे एक रूढी बदलली : दहांची गणना करताना स्त्रियांनाही मोजायचे. परंपरानिष्ठांना हे मान्य होणारे नाही. मुंबईत हाच विचार झिराडबाईंच्या मंडळाने तत्त्व म्हणून मांडला होता. दिल्लीत तो आकड्याच्या निकडीतून आला. वरच्या सज्जात बसणाऱ्या स्त्रिया खाली, चौथऱ्याच्या बरोबरीला आल्या. बाहेर, दफनभूमीत बगदादी आणि बेने इस्रायल नावे एकमेकांशेजारी आहेत आणि त्यांच्यामध्ये भिंत नाही.